हाडांचे दूध सायीखाली असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुधामुळे हाडे ठिसूळ होतात, असे सांगणारा लेख आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. आधार स्वीडनमधल्या २०१४ सालच्या अभ्यासाचा होता. दिवसाला तीन किंवा अधिक पेले दूध पिणाऱ्या स्त्रियांमध्ये हाड मोडण्याचे प्रमाण जास्त दिसले आणि संशोधकांना दुधातल्या साखरेतून मिळणाऱ्या गॅलॅक्टोजचा संशय आला, हे खरे आहे. पण पुरुषांत हाड मोडण्याचे प्रमाण तसे वाढलेले दिसले नाही. आंबवलेले दूध आणि चीज खाणाऱ्या स्त्रियांत तर ते कमी होते. शिवाय हा केवळ निरीक्षणाचा अभ्यास आहे, अर्थ जपून लावा, असे त्याच संशोधकांनी लिहिले आहे. हे सगळे लेखात गाळले गेले.

त्याचा परिणाम माझ्याच घरात दिसला. माझ्या थोरल्या जाऊबाईंचे खुब्याचे हाड न्हाणीत घसरून मोडले. लेख वाचल्यापासून त्यांनी दुपारचे ताकही बंद केले आहे. आयुष्यभर त्यांच्या वाट्याला चहापुरतेच दूध आले. आधी पुरुषमाणसे, मग मुले, आणि उरले तर विरजण. हाड केवळ त्यामुळे मोडले असे मी म्हणणार नाही. पण तीन कप चहातल्या दुधातून मिळून मिळून शंभरेक मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते आणि पाळी गेलेल्या बाईला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) शिफारशीप्रमाणे रोज १२०० लागते. अशा बाईला दुधाची भीती घालणे मला फार वाईट वाटते.

मी दूध संघाच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. तिथे दुधाची राख काढायची असे. मुशीत दूध आटवून भट्टीत ५५० अंशांवर ठेवले की पाणी, चरबी, प्रथिने, साखर सगळे जाते आणि तळाशी भुरकट पांढरी राख उरते. १०० ग्रॅम दुधामागे जेमतेम पाऊण ग्रॅम. पण हाडाला लागणारे कॅल्शियम आणि फॉस्फरस त्या चिमटीत असतात.

दुधातल्या कॅल्शियमचा मोठा भाग केसिन या प्रथिनाच्या सूक्ष्म गोळ्यांत बांधलेला असतो आणि बाकीचा पाण्यात विरघळलेला. सायीत तो थोडाच, तुपात जवळजवळ नाहीच. आपल्याकडे मात्र डेअरीवर ‘फॅट किती लागली’ हा पहिला प्रश्न, आणि घरात साय काढलेले दूध म्हणजे कस गेलेले दूध! फॅटशिवायच्या घन पदार्थांना डेअरीत एसएनएफ म्हणतात. गाईच्या दुधाचा दर ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ धरून ठरतो. त्या साडेआठातच हाडांचा सगळा माल आहे. म्हणून लोणी काढलेले ताक हलके समजू नये. पाणी जितके कमी घालाल तितके ते मोलाचे.

आणखी एक गोष्ट बायकांनी जरूर लक्षात ठेवावी. आंबटपणाने केसिनला धरलेले कॅल्शियम सुटून पाण्यात उतरते. त्यामुळे श्रीखंडासाठी चक्का टांगला की फडक्यातून ठिबकणाऱ्या हिरवट पाण्याबरोबर त्याचा चांगलाच वाटा निघून जातो. लिंबू पिळून पनीर केले तरी तेच. ते पाणी मोरीत ओतू नये. त्यात कणीक भिजवावी, आमटीत घालावे.

दुधाने सगळे भागते असाही माझा दावा नाही. दुधातले साधारण तिसरा हिस्सा कॅल्शियमच अंगी लागते आणि त्यासाठी ड जीवनसत्त्व हवे. ते साध्या दुधात फारच थोडे असते, म्हणून अंगावर ऊन घ्यायलाच हवे. ज्यांना दूध पचत नाही त्यांना दही बहुधा चालते. तेही नको असेल तर १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, तिळात त्याहून कितीतरी अधिक.

ड जीवनसत्त्व घातलेल्या दुधाच्या पिशवीवर ‘+एफ’ अशी खूण असते. बहुतेक गिऱ्हाइकांना ती कशाची हेच ठाऊक नसते. सर्व दूध संघांनी फॅटच्या शेजारीच कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचे आकडे तितक्याच मोठ्या मराठी अक्षरांत छापावेत. आणि त्या अभ्यासातला गाळलेला भाग आपण त्याच पुरवणीत द्यावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त डेअरी कर्मचारी,
ता. वाळवा, जि. सांगली