पंप बसला, गाडी धरली!

काल संध्याकाळी चौथ्या सेल्फला इंजिन धरलं आणि मी अक्षरशः ओरडलो. डिझेल गाडीचा हाय प्रेशर पंप (इंजिनाला प्रचंड दाबाने डिझेल पुरवणारा) घरी बदलायचा हा उद्योग माझ्या एकट्याच्या आवाक्यातला नव्हताच. मदत करणाऱ्यांनी नावं घेऊ नकोस म्हणून बजावलंय, म्हणून नुसतेच आभार.

नवा पंप लावण्याआधी जुना डिझेल फिल्टर कापून बघायला लावणाऱ्या दादांचे सगळ्यात आधी. आत चंदेरी चुरा, म्हणजे पंप झिजून पडलेला धातू, निघाला असता, तर कॉमन रेल (दाबाखालचं डिझेल साठवणारी नळी), इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे), टाकी सगळंच काढावं लागलं असतं. नुसता पंप बदलला असता तर तोही गेला असता. फिल्टर स्वच्छ निघाला. पंपाच्या शाफ्टचं सील तेवढं गळत होतं.

‘इंजिन बंद केल्या केल्या नटाला पाना लावलास तर याद राख,’ असं दटावणाऱ्या काकांचेही आभार. कॉमन रेलमध्ये दाब १६०० बारपर्यंत किंवा त्याहून वर जातो, सुईसारखी धार कातडीत घुसते. टायमिंग लॉक करायच्या, म्हणजे काम चालू असताना इंजिन फिरू नये म्हणून लावायच्या, पिना उसन्या देणाऱ्या ताई, पिना पुसून ठेवल्यात, उद्या आणून देतो.

आणि ‘पंप कोरडा फिरवू नकोस, डिझेल हेच त्याचं वंगण’ हे ऐन वेळी फोनवर सांगणारा मित्र! माझा हात तेव्हा किल्लीवरच होता. मग मुकाट्याने हातपंप दाबत बसलो, पारदर्शक नळीतले बुडबुडे थांबेपर्यंत. अंगठा अजून दुखतोय.

टॉर्च धरणाऱ्या घरच्या मंडळींचं काय ते घरी बघून घेतो.