मेलेल्या पाखरांबरोबर न उबलेली अंडीही तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फवारणीच्या हंगामात वृत्तपत्रांत कीटकनाशकांविषयी जे छापून येते, ते बहुतेक विषबाधेचे असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी-शेतमजुरांचे जे बळी गेले, ते आठवता ते योग्यच आहे. मात्र काही रसायने जीव न घेताही पाखरांची पुढची पिढी बिघडवू शकतात, याची दखल आपल्याकडे क्वचितच घेतली जाते.

अशी रसायने शरीरात इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखी वागतात. पक्ष्यांचा मादी गर्भ स्वतःच इस्ट्रोजेन तयार करतो आणि त्याच्याच प्रभावाने त्याचे डावे अंडाशय घडते. नर गर्भात ते फारसे नसते, म्हणून वृषणे वाढतात. मादीच्या चरबीत साठलेले रसायन अंड्याच्या बलकात उतरले, तर नर गर्भाच्या डाव्या वृषणात अंडाशयाच्या पेशी दिसू लागतात आणि एरवी विरून जाणारी अंडनलिका टिकून राहते. कोंबडीचे अंडे २१ दिवसांनी उबते, पण ही घडण पहिल्या आठवड्यातच सुरू होते. पिल्लू धडधाकट दिसते, उडूनही जाते, त्यामुळे संशयाला जागाच उरत नाही. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी कुरव (सीगल) पक्ष्यांच्या अंड्यांत डीडीटी टोचून नेमका हाच परिणाम १९८१ साली जगापुढे मांडला. मात्रा होती दूषित समुद्रपक्ष्यांच्या अंड्यांत प्रत्यक्ष सापडत असे तेवढीच.

डीडीटीचा शेतीतील वापर आपल्याकडे १९८९ पासून बंद आहे. पण डीडीटीपासूनच बनणारे, कोळीनाशक म्हणून विकले जाणारे डायकोफॉल थेट २०२३ मध्ये बंद झाले, आणि ही द्रव्ये मातीतून लवकर जात नाहीत. आमच्याकडे टिटवी पऱ्हाटीच्या वावरात, धुऱ्यालगत उघड्यावर अंडी घालते आणि त्याच वावरातले किडे खाते. गोंदिया-भंडाऱ्याचे सारस धानाच्या बांध्यांत घरटी करतात. त्यांची दरवर्षी गणना होते, पण डोकी मोजून अंड्यांच्या आतले कळत नाही.

म्हणून वनविभागाने हंगाम संपल्यावर घरट्यांत उरलेली, न उबलेली अंडी रीतसर परवानगीने गोळा करावीत आणि नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडून बलकातील अवशेष व शक्य तेथे गर्भाची जननेंद्रिये तपासून घ्यावीत. सारसाची अंडी मोजकीच मिळतील, तेव्हा सुरुवात टिटवी आणि गायबगळ्यापासून करावी, आणि निष्कर्ष तालुकावार, मराठीत जाहीर व्हावेत.

आपला,
एक कापूस उत्पादक वाचक,
जि. यवतमाळ