ताई, तुमच्या हिरव्या पुस्तकाला

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, माझंही नाही. पण पत्र सगळ्यांनी वाचावं असं वाटतं, म्हणून उघड लिहितेय.

2014 च्या पावसाळ्यात, पोटुशी असताना पाचव्या महिन्यात माझं रक्त तपासलं. जिथे तपासलं तिथल्या बाईंनी चार माणसांत मोठ्यानं विचारलं, "एचआयव्ही आलाय, नवरा कुठंय?" त्यानंतर कितीतरी दिवस मला विहिरीवर जायची भीती वाटायची.

सांगलीला एआरटी सेंटरमध्ये, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, डॉक्टरांनी नीट समजावलं. रोज रात्री एक गोळी, जन्मभर, चुकवायची नाही. मी मान हलवली, डोक्यात काही शिरलं नाही. बाहेर बाकावर तुम्ही शेजारी येऊन बसलात आणि पिशवीतून तुमचं गोळ्यांच्या नोंदीचं हिरवं पुस्तक काढून माझ्या कोऱ्या पुस्तकाशेजारी ठेवलंत. तुमच्या पुस्तकाच्या कडा झिजून पांढऱ्या पडल्या होत्या. "2006 पासून खातेय गोळ्या," एवढंच म्हणालात. आठ वर्षं! मी तर बाळंतपणापलीकडचा विचारच सोडून दिला होता.

मग माझी गोळ्यांची बाटली उघडून तिच्यात कापसाचा बोळा कोंबलात. "एसटीत खडखडते. शेजारची विचारते, कसल्या गोळ्या." हे कोण सांगणार होतं मला? सुरुवातीला रात्री भलभलती स्वप्नं पडायची, सकाळी उठलं की गरगरायचं. मी गोळी सोडायच्या बेतात होते. तुम्ही फोनवर सांगितलंत, झोपायच्या वेळीच घे, तेलकट जेवणावर घेऊ नको, थोडे आठवडे कळ काढ. तसंच झालं.

दिवस भरले तेव्हा एका खासगी दवाखान्यानं रिपोर्ट बघून दारातूनच परत पाठवलं. रात्री अकराला तुम्ही रिक्षा घेऊन आलात आणि सरकारी दवाखान्यात बाळ होईपर्यंत बाहेर बसून राहिलात.

आणि बाळगुटी! सासूबाई सहाण धुऊन, मध काढून तयार. मला तर सांगितलेलं, सहा महिने फक्त अंगावरचं दूध. त्यात वरचं काही मिसळलं की बाळाच्या आतड्याला इजा होऊ शकते आणि त्याला एचआयव्ही लागायचा धोका वाढतो. पण घरात हे सांगायचं कसं? सासूबाईंना तर काहीच माहीत नव्हतं. तुम्ही घरी आलात, चहा घेतलात आणि त्यांना म्हणालात, "आजी, आता सगळ्याच बाळांना सहा महिने पाणीसुद्धा द्यायचं नाही म्हणतात." एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. सहाण परत फडताळात गेली. बाळाला लागण होऊ नये म्हणून दिलेलं नेव्हिरापीनचं औषध मी सहा आठवडे रोज पाजलं. सासूबाई त्याला टॉनिकच समजायच्या.

सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं, तेव्हा तुम्ही त्याचा पाय धरला होता. माझे हात थरथरत होते. अठराव्या महिन्याचा शेवटचा रिपोर्टही निगेटिव्ह आला. त्या दिवशी बाकावर बसून तुम्ही मला पहिल्यांदा तुमच्या मुलीबद्दल सांगितलंत. तुमच्या वेळी तुम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती दोन वर्षांचीही झाली नाही. ताई, आधी सांगितलं असतंत तर मी घाबरून गेले असते. म्हणून दीड वर्षाहून जास्त ते पोटात ठेवून तुम्ही माझ्या बाळाचा पाय धरत होतात. ह्याचे आभार कसे मानायचे, मला अजून सुचलेलं नाही.

एचआयव्हीचा कायदा आला तेही तुमच्याकडूनच कळलं. 2018 च्या सप्टेंबरपासून आपल्याबद्दल आपल्या संमतीशिवाय कुणी दुसऱ्याला सांगू शकत नाही आणि ह्या कारणासाठी दवाखान्यात उपचार नाकारता येत नाहीत. दारातून परत पाठवलेली ती रात्र मला तेव्हा आठवली.

आता गोळी बदललीय, स्वप्नं थांबली. व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती ते बघायच्या, रिपोर्टवर विषाणू सापडला नाही असं येतं. हेही गोळी घेतात, शेतात जातात. पोरगा पाचवीत आहे, त्याला गणित आवडतं.

सोमवारी गोळ्या घ्यायला येतेय. शेंगदाण्याची चटणी केलीय, तुमच्यासाठी वेगळा डबा भरून ठेवलाय. एक नवीन मुलगी येणार आहे म्हणालात ना, चौथा महिना लागलेली. तिच्यासाठी कापूस मी आणते.

तुमची,
बाकावरची धाकटी