आईचा बॅज कुणाला देऊ नका

ती. आई-बाबांस,
सा. न.

दादा म्हणाला की आईने कपाट आवरायला काढलंय आणि नर्सिंगच्या ट्रेनिंगच्या वेळचं सगळं देऊन टाकणारे, म्हणून घाईघाईने लिहितेय. आई, त्यातलं काही म्हणजे काहीही देऊ नकोस, बॅज, कॅप, पट्टा, हातात दिवा घेऊन नर्सची शपथ घेतलीत त्या लॅम्प लायटिंगच्या समारंभाचा ग्रुप फोटो, सगळं ठेव.

इथे एडिंबरात माझ्या ओळखीच्या एक रिटायर्ड सिस्टर आहेत, जुन्या रॉयल इन्फर्मरीत शिकलेल्या. त्यांच्याकडे चहाला गेले होते तर त्यांनी मखमलीच्या डबीतून त्यांचा बॅज काढून दाखवला, त्यावर पेलिकन पक्षी आहे. जुनी ख्रिस्ती समजूत अशी की पेलिकन स्वतःच्या छातीला चोच मारून पिल्लांना रक्त पाजतो, म्हणून तो पक्षी. इथे शिकलेल्या नर्सेस स्वतःला पेलिकनच म्हणवतात. 1872 साली सुरू झालेलं ते ट्रेनिंग, 1990 च्या दशकात नर्सिंग युनिव्हर्सिटीत गेलं आणि देशभरातल्या अशा हॉस्पिटलच्या शाळा बंद झाल्या, 2003 ला हॉस्पिटलही जुनी इमारत सोडून शहराच्या कडेला गेलं. आता शाळा दाखवायची तर या बायका बॅजच दाखवतात.

पट्ट्याचं चांदीचं बकल पण होतं. पास झाल्यावर बऱ्याच जणींना ते घरचेच घेऊन द्यायचे, त्यांना वडिलांनी दिलेलं. ते ऐकून मला एकदम तू आठवलीस आई. तुझ्या समारंभाला आजोबा आले नव्हते हे मला मावशीकडून कळलं, तू कधी बोलली नाहीस. मुलीने नर्स व्हावं हे तेव्हा कितीतरी घरांना पटायचं नाही आणि तरी तू पांढऱ्या साडीत हातात दिवा घेऊन उभी राहिलीस. मला त्या दिवसाबद्दल सगळं ऐकायचंय.

आणि तो दिवा, लंडनला सेंट थॉमस हॉस्पिटलमधल्या म्युझियममध्ये फ्लोरेन्स नाईटिंगेलबाईंच्या वेळचा दिवा आहे, तो आपल्या समारंभातल्यासारखा तेलाचा दिवा नाहीच, घड्यांचा तुर्की कंदील आहे, आपल्या घडीच्या आकाशकंदिलासारखा दुमडणारा. समारंभात म्हणतात ती शपथसुद्धा बाईंनी लिहिलेली नाही बरं का, 1893 मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला लिस्ट्रा ग्रेटर यांच्या कमिटीने डॉक्टरांच्या शपथेवरून तयार केली. पण तू ती म्हटलीस आणि रिटायर होईपर्यंत पाळलीस, नाईट ड्युट्या करून, आम्हाला शेजारच्या काकूंकडे ठेवून, त्यामुळे माझ्यासाठी ती तुझीच.

बाबा, एक काम तुमच्याकडे. फोटो फ्रेममधून काढताना काचेला चिकटलेला वाटला तर ओढू नका, तसाच राहू दे आणि नावं वेगळ्या कागदावर लिहा. सुटला तर मागे पेन्सिलने हलक्या हाताने लिहा, बॉलपेनने नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. बॅज घासूनपुसून चकचकीत करू नका, वरचा मुलामा जाईल, मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवा. कॅपला इस्त्री नको, स्टार्च जुना झालाय, घडीवर तुटेल.

रविवारी तुमच्या संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते. आई, फोटो समोर घेऊन बस आणि मागच्या रांगेपासून एकेकीचं सांग, कोण कुठली, कोण कुठल्या वॉर्डला लागली, मेट्रन कोणती आणि तुला हाक काय मारायच्या. मी लिहून घेते.

तुमची,
सोनू