पितळी कॉर्नेट आणि फ्लोरांतीन

चि. ईरा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

जुन्या बाजारातून तुझ्यासाठी घेतलेले कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखे छोटे पितळी वाद्य, दुरुस्त होऊन आले असून ते या पत्रासोबत पाठवीत आहे. काळवंडलेला थर निघाल्यावर कर्ण्यावरची अक्षरे स्पष्ट झाली: बेसाँ अँड कंपनी, प्रोटोटाइप, 198 यूस्टन रोड, लंडन. वाजवू लागण्यापूर्वी या नावामागची हकीकत तुला ठाऊक असावी, असे मला वाटते.

ग्युस्ताव बेसाँ याने 1837 मध्ये पॅरिसला कारखाना काढला. त्या काळी पितळी वाद्ये बरीचशी कारागिराच्या हातावर आणि नजरेवर अवलंबून असत, त्यामुळे एकाच दुकानातली दोन वाद्येही सुरात तंतोतंत सारखी निघत नसत. बेसाँच्या कारखान्याने नळीच्या प्रत्येक भागासाठी मोजून घडवलेले पोलादी साचे तयार केले आणि पितळेचा पत्रा त्यांवर चढवून एका वाद्याची हुबेहूब दुसरी प्रत काढण्याची पद्धत बसवली. तुझ्या कॉर्नेटवरचा ‘प्रोटोटाइप’ हा शब्द याच पद्धतीची खूण आहे.

सॅक्सोफोनमुळे तुला माहीत असलेला अडॉल्फ सॅक्स हा त्याचा मोठा प्रतिस्पर्धी. सॅक्सने 1845 मध्ये सॅक्सहॉर्न या पितळी वाद्यांच्या कुटुंबाचे पेटंट घेतले, तेव्हा पॅरिसच्या इतर कारागिरांनी त्यात नवे काही नाही असा दावा केला, आणि वर्षानुवर्षे चाललेल्या खटल्यांत 1854 मध्ये फ्रान्समधल्या रुआँ शहराच्या न्यायालयाने सॅक्सच्या बाजूने निकाल दिला. विरोध करणाऱ्या कारागिरांपैकीच एक असलेला बेसाँ त्यात भरडला गेला. 1858 मध्ये त्याने धंदा पत्नी फ्लोरांतीन हिच्या नावे केला आणि स्वतः लंडन गाठले. न्यायालयात जिंकलेल्या सॅक्सचेही आयुष्यात तीनदा दिवाळे निघाले, तेव्हा या भांडणात नेमके कोणाचे भले झाले, हे मला तरी सांगता येणार नाही.

मला कौतुक वाटते ते फ्लोरांतीनचे. नवऱ्याला कायद्याच्या कचाट्यातून वाचवण्यासाठी नावापुरती मालकीण, एवढ्यावर सहज बोळवण होऊ शकली असती. पण पॅरिसचा कारखाना तिने चालवला, आणि तिथल्या वाद्यांवर ‘एफ. बेसाँ’ अशी तिच्याच नावाची आद्याक्षरी उमटू लागली. पुढे तो वारसा त्यांची मुलगी मार्त हिच्याकडे गेला. लंडनची कंपनी मात्र 1948 मध्ये बूझी अँड हॉक्स या ब्रिटिश कंपनीच्या ताब्यात गेली.

आता दुरुस्तीविषयी. कर्ण्याचे पोचे आतून पोलादी गोळे सरकवून काढले आहेत, आणि अडकून बसलेल्या स्लाइड, म्हणजे सूर जुळवण्यासाठी आतबाहेर सरकणाऱ्या नळ्या, तेल व उष्णता देऊन सोडवल्या आहेत. पिस्टन, म्हणजे बोटांनी दाबायच्या झडपा, झिजल्यामुळे हवा गळत होती. त्यांवर मुलामा देऊन ते पुन्हा नळकांड्यात घासून बसवले, आणि खर्चाचा मोठा भाग त्यातच गेला. चकाकी मात्र मी मुद्दामच जास्त करू दिली नाही, कारण फार घासले की अक्षरे पुसट होतात.

एक गोष्ट नीट लक्षात ठेव. हे वाद्य जुन्या ब्रिटिश उंच पट्टीचे आहे, म्हणजे ‘ए’ हा सूर सुमारे 452 हर्ट्झ (सेकंदाला कंपने), आणि आजच्या 440 च्या मानाने जवळजवळ पाव स्वर वर. सूर आजच्या पट्टीवर उतरावा म्हणून कारागिराने थोडी लांब स्लाइड बनवून बसवली आहे. मूळ आखूड स्लाइड पेटीत कापडात गुंडाळलेली सापडेल. ती फेकू नकोस, आणि दोन्हींची अदलाबदल होऊ देऊ नकोस.

तुझी,
आई