पहिला ठराव विषयपत्रिकेचा करा : राज्यातल्या महापौरांना खुले पत्र

मा. महापौर,
सप्रेम नमस्कार.

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले आणि बऱ्याच काळाने सभागृहे पुन्हा भरली. मुंबई-पुण्यात मार्च २०२२ पासून, तर कोल्हापूर, नवी मुंबईसारख्या शहरांत २०२० पासून प्रशासकच कारभार पाहत होते. त्या काळात रस्ते खोदले गेले, निविदा निघाल्या, अंदाजपत्रके मंजूर झाली. आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडायचा आणि प्रशासक म्हणून त्याच अधिकाऱ्याने तो मंजूर करायचा, मध्ये विचारणारे कोणी नाही, असे चालले होते. म्हणून आपली निवड झाल्याचा आनंद माझ्यासारख्या करदात्याला मनापासून झाला आहे. आपला पक्ष कोणता, याने त्यात काही फरक पडत नाही.

पाणी, कचरा, वाहतूक, खड्डे यांवरचे आपले संकल्प वर्तमानपत्रांत वाचले. संकल्प चांगले आहेत. पण कायद्याने कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत, हे आपण जाणताच. मुंबईचा कायदा १८८८ चा, बाकी महापालिकांचा १९४९ चा, पण याबाबतीत दोन्हींचे सूत्र एकच. महापौरपद अडीच वर्षांचे, आणि त्यातले निम्मे दिवस पाठपुराव्यात जातात. तरी एक मोठी गोष्ट आपल्याच हातात आहे, ती म्हणजे सभागृह. सभा कधी बोलवायची, कोणता विषय आधी घ्यायचा, कोणाला बोलू द्यायचे, कोणता विषय अभ्यासासाठी पुढच्या सभेवर ठेवायचा, हे खुर्चीवरून ठरते. म्हणून माझी मागणी त्या खुर्चीपुरतीच आहे. इतर सगळ्या संकल्पांआधी विषयपत्रिकेचा ठराव करा.

सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका हाती घेऊन पाहा. एका विषयाला दोन-तीन ओळी. ‘मा. आयुक्त यांचेकडील पत्रान्वये सादर केलेल्या प्रस्तावास मान्यता देणेबाबत’ असा मजकूर, पत्राचा जावक क्रमांक, तारीख, आणि शेवटी ‘सोबतच्या प्रस्तावाप्रमाणे’. तो सोबतचा प्रस्ताव सोबत नसतो. खर्च किती, जागा कुठली, मुदत किती वर्षांची, कोणत्या अंदाजपत्रकीय शीर्षातून पैसे जाणार, हे सारे त्याच कागदात असते आणि तोच कागद लोकांपर्यंत येत नाही. नव्या नगरसेवकांच्या हातीही तो सभेच्या तोंडावर पडतो. मग विषयाचा क्रमांक वाचला जातो, दोन बाकांवरून ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज येतो आणि पुढचा क्रमांक. मी प्रेक्षक गॅलरीत बसून हे ऐकले आहे. तिथे ध्वनिक्षेपकाचा आवाजही नीट पोहोचत नाही, त्यामुळे नेमके काय मंजूर झाले हे इतिवृत्त येईपर्यंत कळत नाही.

त्याहून वाईट ते आयत्या वेळचे विषय. तातडीच्या कामासाठी ठेवलेली ही सोय आहे. पूर आला, साथ आली, जलवाहिनी फुटली, तर ती हवीच. पण आमच्या भागातला एक मोकळा भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्याचा विषय असाच आयत्या वेळी आला आणि मंजूर झाला. तिथे रोज खेळायला जाणाऱ्या मुलांना हे कळले ते पत्रे ठोकले गेले तेव्हा. त्या भाडेपट्ट्यात कसली तातडी होती, याचे उत्तर मला आजवर मिळालेले नाही. विचारले तर ‘सभागृहाने मान्यता दिली आहे’ एवढेच सांगितले जाते. मंजुरी आमच्याच नावाने झालेली असते, आणि ती रद्द करून घ्यायला मात्र आम्हाला न्यायालयाची पायरी चढावी लागते.

ठरावात मला हव्या त्या गोष्टी साध्या आहेत. सभेच्या किमान सात पूर्ण दिवस आधी प्रत्येक विषयाचा संपूर्ण प्रस्ताव, नकाशा आणि खर्चाच्या तपशिलासह, महापालिकेच्या संकेतस्थळावर टाकावा. जमीन, भाडेपट्टा, भूखंडाच्या आरक्षणात बदल आणि करवाढ यांतला कोणताही विषय आयत्या वेळी घेऊ नये. उपसूचना, म्हणजे मूळ प्रस्तावात सुचवलेला बदल, तोंडी मांडून मागाहून लिहून घेण्याची पद्धत बंद व्हावी. मतास टाकण्यापूर्वी ती सभागृहात शब्दशः वाचावी. कोणी कोणत्या बाजूने मत दिले, तेही इतिवृत्तात यावे. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायचे कारण नाही. महत्त्वाचे निर्णय घेताना संबंधित माहिती स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे बंधन माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ ने २००५ पासूनच घातलेले आहे.

तहकुबीबद्दलही लिहायला हवे. श्रद्धांजली वाहून सभा तहकूब करण्याची प्रथा आपल्याकडे रुळली आहे. दिवंगतांबद्दलचा आदर खरा असतो. पण सभागृहाने उभे राहून आदरांजली वाहावी आणि कामाला लागावे, हेही आदराचेच आहे. तहकूब सभेचे विषय पुढच्या सभेत ढिगाने येतात आणि ढिगानेच मंजूर होतात, त्यातून चर्चा नावालाही उरत नाही.

कामे रखडतील, अशी अडचण आपल्याला सांगितली जाईल. मला ती पटत नाही. ज्या प्रस्तावावर प्रशासनात महिनोन्‌महिने फाइल फिरते, तो लोकांसमोर सात दिवस राहिल्याने शहराचे नुकसान होत नाही. उलट आक्षेप आधीच आले तर काम अर्ध्यावर असताना स्थगिती येण्याची वेळ टळते. दुसरा मुद्दा असा येईल की सभागृहाचा ठराव विखंडित, म्हणजे रद्द, करण्याचा अधिकार शासनाला आहे, मग एवढा खटाटोप कशाला? पण नीट चर्चा झालेला, कारणे नोंदवलेला ठराव विखंडित करताना शासनालाही दहा वेळा विचार करावा लागतो. ‘मंजूर, मंजूर’ म्हणून झालेल्या ठरावाच्या बाजूने कोण उभे राहणार?

सभागृहात येण्याआधी विषय लोकांत जायला हवा, आणि त्याची जागा कायद्यात आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या तिने बंधनकारक केल्या. आपल्या राज्याच्या कायद्यात या समित्यांवर सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेण्याची सोय आहे. या जागा कार्यकर्त्यांची सोय लावण्यासाठी वापरू नका, एवढी कळकळीची विनंती आहे. कचरावेचकांसोबत, अपंगांसोबत, भाडेकरूंसोबत वर्षानुवर्षे काम करणारी माणसे प्रत्येक शहरात आहेत, त्यांना तिथे बसवा.

आणि क्षेत्रसभा. २००९ मध्ये राज्याच्या कायद्यात तिची तरतूद झाली. गावाला ग्रामसभा, तशी शहरात क्षेत्रसभा. ती आज कागदावरच आहे. आता तर तिची गरज वाढली आहे. मुंबई सोडली तर बाकी शहरांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत. बहुतेक ठिकाणी एका प्रभागात चार नगरसेवक, आणि गटार तुंबले तर नेमके कोणाला धरायचे हे मतदाराला कळत नाही. चौघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. चौघांनी एकाच मांडवात लोकांसमोर बसून उत्तरे दिली, तर हा प्रश्न बराचसा सुटेल. क्षेत्रे आखून शासनाकडे प्रस्ताव पाठवण्याचे काम आपले सभागृह सुरू करू शकते.

अंदाजपत्रकाचेही तेच. पुणे महापालिकेने २००६ मध्ये अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागवायला सुरुवात केली, ही चांगली वाट आहे. पण अर्ज भरून देणाऱ्याला त्याचे काम घेतले की नाकारले, आणि का, हे लेखी कळले पाहिजे. उत्तर येत नसेल तर दुसऱ्या वर्षी माणूस अर्ज भरत नाही. मग नेहमीचे लोकच पेव्हर ब्लॉक आणि बाकडी सुचवत राहतात.

अंदाजपत्रकाची सभा आपल्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी असेल. तिची नोटीस निघेल त्याच दिवशी आयुक्तांचे मूळ अंदाजपत्रक आणि स्थायी समितीने केलेले बदल शेजारी शेजारी, वाचता येतील अशा तक्त्यात, प्रसिद्ध करा. ते वाचून आम्ही गॅलरीत येऊ. तिथला ध्वनिक्षेपक तेवढा दुरुस्त करून घ्या.

आपला,
एक करदाता नागरिक