खापरांवरची नक्षी कागदावर

लीड्स, इंग्लंड

चि. रेवती,
अनेक आशीर्वाद.

तापी खोऱ्यातल्या सावळद्याच्या जुन्या खापरांच्या चित्रांचे फोटो मिळाले. मासा देखणा आहेच, पण आधी मधली उभी रेघ बघ. तिच्या डावीकडे भांड्याचा छेद, म्हणजे ते उभं कापलं तर दिसेल तो भाग, आणि आतली बाजू, उजवीकडे बाहेरची. काही देशांत हे उलट असतं. छेदातली काळी पट्टी म्हणजे भांड्याची जाडी. ती काठापासून बुडापर्यंत तंतोतंत सारखी असेल, तर बहुधा कॅलिपर (जाडी मोजायचा चिमटा) न लावता अंदाजानं काढलेली.

तुकड्यावरून अख्खं भांडं काढताना काठाचा तुकडा सपाट फळीवर उपडा ठेवतात आणि खालून उजेडाची फट दिसेनाशी होईपर्यंत कलवतात. हा कल चुकला की खोल वाडग्याची पसरट थाळी होते. मग वर्तुळं आखलेल्या कागदावर ठेवून व्यास काढतात. तुकडा पूर्ण काठाच्या विसाव्या हिश्श्याहूनही लहान असेल, तर त्या व्यासावर फार विसंबू नकोस.

खरी कसोटी नक्षीची. 20 सेंमी व्यासाच्या मडक्याची समोरची अर्धी फेरी 31 सेंमीच्या वर भरते. कागदावर ती 20 सेंमीत बसवायची. म्हणजे कडेचे मासे मधल्यापेक्षा अरुंद दिसायलाच हवेत. सगळे सारख्या रुंदीचे असतील तर मडक्याची गोलाई हरवली. तुझ्या दुसऱ्या चित्रात हे फार छान सांभाळलंय. त्यातच गळ्याजवळच्या पट्ट्याची दोन टोकं किंचित वरखाली झालीत, बघ. भांडं फिरवत कुंचला टेकवला की फेरी पुरी होताना असं होतं. चित्रकारानं ते पट्टीनं सरळ केलं नाही, म्हणून मला ते चित्र सगळ्यांत आवडलं. रोज वापरायच्या भांड्यावर कुणाचा तरी हात झरझर चाललाय, ते त्यात दिसतं.

सावळद्याची भांडी साधारण इ.स.पू. 2000 च्या सुमाराची; त्यांवर मासे, बाण, हरणं येतात. नंतरच्या, जोर्वे गावावरून ओळखल्या जाणाऱ्या भांड्यांवर तांबड्यावर काळ्या रेघा, बहुतेक भौमितिक. तापीकाठच्या प्रकाशा गावी 1955 साली पुरातत्त्वज्ञ थापरांनी उत्खनन केलं, त्याच्या अहवालातली चित्रंही मिळव.

आणि फोटो काढताना चित्राखालची मोजपट्टी कापू नकोस. झेरॉक्स लहान-मोठी झाली की नुसतं '1:4' (म्हणजे खऱ्याच्या पाव मापाचं) लिहिलेलं खोटं ठरतं. पट्टी मात्र चित्राबरोबरच लहान-मोठी होते, तिच्यावरून माप काढता येतं.

जिभाऊंना आणि ताईला नमस्कार.

तुझी मावशी